रिपोर्टवरचा तिसरा रकाना: ‘नॉर्मल रेंज’ आली कुठून?

लॅबचा रिपोर्ट हातात पडला की पहिल्या रकान्यात तपासणीचं नाव असतं, दुसऱ्यात आपला आकडा आणि तिसऱ्यात ती मर्यादा. आकडा ठळक छापलेला असला तर घरात काळजी सुरू होते, नसला तर ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून कागद फाइलमध्ये जातो. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञांची पदविका) किंवा एमबीबीएसची मुलंही हा तिसरा रकाना पाढ्यांसारखा पाठ करतात. पण तो ठरवला कुणी, कोणत्या माणसांचं रक्त तपासून आणि कोणत्या पद्धतीनं, हे बहुतेक पुस्तकांत पाव पानात उरकलेलं असतं. रिपोर्ट वाचायला शिकायचं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आकडे फार उशिरा आले. त्याआधी प्रश्न एवढाच असायचा की अमुक गोष्ट आहे की नाही. प्रमेहाच्या रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे चरकसंहितेत नोंदलेलं आहे. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये मधुमेहींच्या लघवीचा गोडवा टिपला. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी ती लघवी आटवून खाली उरलेला साखरेसारखा पांढरा थर दाखवला. शिवाय रुग्णाच्या रक्ताचा द्रवही गोडसर लागतो, म्हणजे दोष केवळ मूत्रपिंडात नसावा, हेही त्यांनी सांगितलं. पुढे लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती गढूळ झाली की तीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरतंय आणि मूत्रपिंड बिघडलंय असा निष्कर्ष ते काढत. रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून करायची ती रासायनिक तपासणी होती.

बेनेडिक्टची चाचणी याच परंपरेतली. परीक्षानळीत ५ मिली निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे ८ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवट, पिवळं, नारिंगी, विटकरी असा रंग चढत गेला तर साखर वाढत गेलेली. लघवीत बुडवायच्या तपासणीपट्ट्या येईपर्यंत कित्येक दवाखान्यांत मधुमेहाचा अंदाज असाच घेतला जायचा आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ती नळी अजूनही हातात येते. अर्थ लावण्याचा पहिला धडाही याच नळीत आहे. विटकरी रंग ‘मधुमेह’ असं म्हणत नाही. निळ्या द्रावणातल्या तांब्याचं क्षपण करणारं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देणारं, काहीतरी लघवीत आहे, एवढंच तो सांगतो. ते ग्लुकोज असेल, गॅलॅक्टोसेमिया (दुधातली गॅलॅक्टोज साखर न पचण्याचा जन्मजात आजार) झालेल्या बाळात गॅलॅक्टोज असेल. साखर रक्तात दर १०० मिलीमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर लघवीत उतरते, पण काहींच्या मूत्रपिंडात ही पातळीच खाली असते आणि रक्तातली साखर व्यवस्थित असूनही नळी रंगते.

रक्तातले आकडे रोजच्या वापरात आले ते मुख्यतः हार्वर्डच्या ऑटो फोलिन यांच्यामुळे. स्वीडनमध्ये जन्मलेले फोलिन आणि त्यांचे चिनी सहकारी शियेन वू यांनी १९१९ मध्ये रक्त तपासण्याची एक सलग पद्धत मांडली. टंगस्टिक आम्लानं रक्तातली प्रथिनं खाली बसवायची, गाळून वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि त्या एकाच गाळलेल्या पाण्यात युरिया, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो स्नायूंमधला टाकाऊ पदार्थ), युरिक ॲसिड, साखर असं सगळं मोजायचं. मोजणी रंगावर आणि डोळ्यांवर होती. ड्युबॉस्क कलरीमीटरच्या भिंगातून एका बाजूला ठाऊक असलेल्या द्रावणाचा रंग दिसे, दुसऱ्या बाजूला रुग्णाचा. दोन्ही सारखे दिसेपर्यंत द्रावणाची खोली कमीजास्त करत बसायचं.

फोलिन यांच्याच विभागात आपल्याकडचा एक माणूस होता, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची निळ्या रंगाची पद्धत प्रसिद्ध केली. फिस्के-सुब्बाराव पद्धत हे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये असतं, पण त्यातले सुब्बाराव कोण हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. ते सांगायला हवं.

तिसऱ्या रकान्याचं पहिलं गुपित याच काळात दडलेलं आहे. फोलिन-वू पद्धत ग्लुकोजबरोबर रक्तातले ग्लुटाथायोनसारखे इतर क्षपणकारक पदार्थही साखर म्हणून मोजायची, म्हणून उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा ८० ते १२० धरली जाई. नंतर ग्लुकोज ऑक्सिडेज हे फक्त ग्लुकोजवर काम करणारं एन्झाइम वापरात आलं आणि मर्यादा ७० ते १०० च्या आसपास उतरली. माणसांचं रक्त तेच होतं, पद्धत बदलली होती. आजही घरातली वडीलधारी माणसं ‘ऐंशी ते एकशेवीस’ असं खात्रीनं सांगतात, तेव्हा ती कालबाह्य पद्धतीची मर्यादा सांगत असतात. मर्यादा पद्धतीला बांधलेली असते आणि एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून पाहणं धोक्याचं असतं, हे या एका उदाहरणावरून जितकं पटतं तितकं व्याख्यानानं पटत नाही.

१९३१ मध्ये जॉन पीटर्स आणि डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी क्लिनिकल केमिस्ट्रीवरच्या त्यांच्या दोन खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड काढला. तो होता अर्थ लावण्याचा. मोजण्याच्या पद्धतींचा खंड पुढच्या वर्षी आला. आपले अभ्यासक्रम बरोबर उलटे चालतात: आधी सगळ्या अभिक्रिया आणि शेवटी वेळ उरला तर अर्थ.

मग आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न उभा राहिला. बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकच नमुना वाटून पाठवला आणि १९४७ मध्ये निकाल छापले. एकाच द्रावणाची इतकी वेगवेगळी उत्तरं आली होती की वाचणाऱ्यांना धक्का बसला. तीन वर्षांनी लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातल्या मालाची प्रत तपासण्यासाठी शूहार्ट यांनी बनवलेला आलेख प्रयोगशाळेत आणला. ठाऊक असलेला कंट्रोल नमुना रोज लावायचा, त्याचा ठिपका आलेखावर मांडायचा आणि तो सरासरीपासून दोन किंवा तीन प्रमाण विचलनांपलीकडे (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात याचं माप) गेला तर आधी कारण शोधायचं. चांगल्या लॅबमध्ये सकाळची पहिली नळी आजही कंट्रोलची असते. बाहेरून येणाऱ्या अनोळखी नमुन्यांवर पारख करून घेण्याची सोयही भारतात आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची (सीएमसी) योजना त्यातली सर्वांत परिचित.

अर्थात नळी मशिनपर्यंत पोचण्याआधी झालेली चूक कोणताही आलेख पकडत नाही. रक्त ओढताना पेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि ठणठणीत माणसाचा आकडा घाबरवणारा दिसतो. साखरेचं रक्त फ्लोराइडच्या राखाडी टोपणाच्या नळीत न घेता साध्या नळीत तासन्‌तास पडू दिलं, तर पेशी ते ग्लुकोज खात राहतात. गावातल्या संकलन केंद्रातून शहरातल्या लॅबकडे निघालेल्या नळीच्या बाबतीत हे नेहमी मनात ठेवावं.

१९५७ मध्ये लेनर्ड स्केग्ज यांचं ऑटोॲनलायझर बाजारात आलं. लांब नळीतून एकामागून एक नमुने वाहायचे आणि ते मिसळू नयेत म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे असायचे. पुढच्या पिढीतलं यंत्र तासाला ६० नमुन्यांवर प्रत्येकी १२ तपासण्या करू लागलं. न मागितलेल्या तपासण्याही आपोआप होऊ लागल्या, आणि आज ‘फुल बॉडी चेकअप’ म्हणून विकलं जातं त्याचं मूळ इथं आहे. या पॅकेजांमागचं गणित प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा स्वतः करून पाहावं. मर्यादा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते, म्हणजे दर वीस निरोगी माणसांत एक जण बाहेर राहणार हे व्याख्येतच आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या १२ तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचा निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ४६ टक्के. २० केल्या तर ६४ टक्के. त्या एका ठळक आकड्यापायी पुढच्या तपासण्या, सोनोग्राफी, झोप उडणं. हे मी फार पाहिलं आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

पण हे ‘निरोगी लोक’ कोण? पूर्वी रक्तदाते, वैद्यकीय विद्यार्थी, रुग्णालयातले कर्मचारी, जे हाताशी असतील त्यांचे आकडे घेऊन ‘नॉर्मल’ ठरायचं. १९६९ मध्ये फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सारिस यांनी यावर बोट ठेवलं. माणसं कशी निवडली, त्यांचं वय, लिंग, उपास, रक्त घेतानाची स्थिती, पद्धत, हे सगळं सांगितल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून आजची ‘संदर्भ मर्यादा’ आली. ती ठरवण्यासाठी प्रत्येक गटात किमान १२० माणसं घ्यावीत असा संकेत रुळला. आपल्याकडे मात्र बऱ्याच लॅब किटसोबतच्या माहितीपत्रकातली मर्यादाच रिपोर्टवर उतरवतात, आणि ती बहुधा युरोप-अमेरिकेतल्या लोकांवरून काढलेली असते.

मग आपल्या लोकांवरून काढली की प्रश्न सुटला? इथं पुण्याचं उदाहरण विचार करायला लावतं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांतले, वस्त्यांतले आणि मध्यमवर्गीय घरांतले पुरुष तपासले. निम्म्याहून बऱ्याच अधिक जणांचं बी-१२ कमी निघालं. ही माणसं रोजच्या कामाला जाणारी होती. त्यांच्या मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा काढली असती तर कमतरताच नॉर्मल म्हणून छापली गेली असती. जिथं अख्खा समाजच कमी आहे, तिथं समाजाची सरासरी निरोगीपणाचं माप होऊ शकत नाही.

म्हणून काही तपासण्यांत मर्यादा लोकांवरून न काढता परिणामावरून ठरवतात. उपाशीपोटीच्या साखरेत मधुमेहाची रेघ १९७९ पासून १४० वर होती. १९९७ मध्ये ती १२६ वर आणली, कारण डोळ्याच्या पडद्याचा आजार त्याच्या आसपासच वाढू लागतो असं अभ्यासांत दिसत होतं. एका रात्रीत कितीतरी माणसं मधुमेही ठरली. ड जीवनसत्त्वाबाबत तर तज्ज्ञांचंच जमलं नाही. अमेरिकेतल्या एका समितीनं २० नॅनोग्रॅम पुरेसे मानले, २०११ मध्ये तिथल्या एंडोक्राइन सोसायटीनं ३० ची रेघ मारली आणि २०२४ मध्ये त्याच सोसायटीनं ती मागे घेतली. मधल्या काळात आपल्याकडे ड जीवनसत्त्वाच्या किती पुड्या खपल्या असतील!

एचबीएवनसीची, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणाऱ्या तपासणीची, गोष्टही अशीच सावधपणे वाचावी लागते. तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा अंश दिसला, त्यातून ही तपासणी आली आणि २०१० पासून ६.५ टक्के ही निदानाची रेघ झाली. पण हा आकडा लाल पेशी सुमारे चार महिने जगते या गृहीतावर उभा आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे, तिथं पेशी लवकर मरतात आणि आकडा फसवा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत उलट तो थोडा चढलेला दिसू शकतो. गडचिरोलीत बसून हा रिपोर्ट वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर मधुमेह हातातून निसटतो.

शेवटचा टप्पा माणूस विरुद्ध समूह हा. १९७० च्या दशकात युजीन हॅरिस यांनी दाखवलं की काही घटक एकाच माणसात फार थोडे हलतात, पण माणसामाणसांत खूप वेगळे असतात. अशा घटकांसाठी समूहाची मर्यादा बोथट ठरते. क्रिएटिनिन हे त्याचं ठळक उदाहरण. एखाद्या बाईंचा आकडा वर्षानुवर्षं ०.७ असेल आणि दोन दिवसांच्या जुलाबांनंतर तो १.१ आला, तर रिपोर्टवर तो ठळक छापला जाणार नाही, दोन्ही आकडे मर्यादेत आहेत. पण ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ झाली की मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली असं २०१२ पासूनचे आंतरराष्ट्रीय निकष मानतात, आणि हे ओळखायला त्या बाईंचा जुना रिपोर्ट समोर असावा लागतो.