गाठ लागली नाही, म्हणून तपासणी नको?

“दर महिन्याला स्वतःचे स्तन तपासा, गाठ लागली नाही तर दवाखान्यात जायची गरज नाही.” हा संदेश बरीच वर्षं फिरतोय. सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो, पण त्याचा उत्तरार्ध चुकीचा आहे.

बोटांना गाठ लागते ती बऱ्यापैकी वाढल्यावर. त्याआधीचे बारीक बदल मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, दिसू शकतात. चीनमधल्या शांघायमध्ये अडीच लाखांहून जास्त महिलांचा अभ्यास झाला, त्याचे अंतिम निष्कर्ष 2002 साली आले. निम्म्या महिलांना स्वतपासणी नीट शिकवली होती. तरी दोन्ही गटांत स्तनाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) मात्र जास्त झाल्या.

मग हात लावून पाहूच नये का? तसं नाही. आपले स्तन एरवी कसे असतात हे माहीत असलं की नवा बदल पटकन कळतो. पाळी संपल्यावर काही दिवसांनी पाहिलेलं बरं, तेव्हा सूज कमी असते. गाठ, त्वचेला खळगा, आत ओढलेलं बोंड, बोंडातून रक्त, काखेतली गाठ यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नसलं तरीही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासणीनंतरच ठरतं.

पडताळायचं असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात विचारा. तिशीपुढच्या महिलांसाठी प्रशिक्षित हातांनी स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. मॅमोग्राफी कधीपासून करायची, हे वय आणि घरातला इतिहास सांगून डॉक्टरांकडून ठरवून घ्या.