रिपोर्ट एकाचा, प्रश्न सोयऱ्यांचाही

मराठवाड्यात सोयरीक जुळवताना शेती, नोकरी, घराणं अशी सगळी माहिती चार माणसांकडून काढली जाते. आजाराचं मात्र कुणी आपणहून बोलत नाही. 'त्यांच्यात खोट आहे' एवढी कुजबुज झाली तरी धाकट्या बहिणींची स्थळंसुद्धा परत जातात. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करायची म्हणजे या व्यवहारातच हात घालायचा.

सिकलसेल कसा उतरतो, हे १९४९ साली अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी दाखवलं. आईबाप दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर माणूस फक्त वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. दोघं वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. भारतात या दोषाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली.

विज्ञान कळलं तरी माणसं कशी वागतील, याचा अंदाज बऱ्याच जणांचा चुकला. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. वाहकांनाच रुग्ण समजलं गेलं, नोकरी-विम्यात अडचणी आल्या. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात तर तपासून, समजावून सांगूनही वाहकांवर शिक्का बसला आणि काहींनी लग्नाच्या वेळी ते लपवलं. हे वाचताना मला तरी गाव परकं वाटत नाही.

पुढे असाच प्रश्न, आनुवंशिक कॅन्सरच्या खटल्यांत, अमेरिकेतल्या कोर्टांत गेला. पेशंटच्या नातेवाइकांना डॉक्टरनं सांगायचं का? फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये म्हटलं, पेशंटला बजावलं की डॉक्टरचं कर्तव्य झालं. दुसऱ्याच वर्षी न्यू जर्सीच्या कोर्टानं, तेवढ्यानं नेहमीच भागेल असं नाही, असं सांगितलं. युनेस्कोच्या मानवी जनुकसंचाविषयीच्या १९९७च्या जाहीरनाम्यानं आपल्या जनुकीय तपासणीचा निष्कर्ष जाणून घ्यायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्कही मान्य केला.

आपल्याकडे गुंता आणखी वेगळा, कारण मामाची मुलगी करण्याची रीत. समजा, आई वाहक निघाली आणि तिला तो दोष आपल्या आईबापांपैकी एकाकडून आला. मग तिच्या मुलाला वाहक असण्याची शक्यता निम्मी, मामाला निम्मी, मामाच्या मुलीला पाव. म्हणजे बाईच्या रिपोर्टमधली अर्धी बातमी तिच्या माहेरची असते, आणि तेच माहेर उद्या लेकाची सासुरवाडी होणार असतं. भावाला सांगितलं तर जमलेलं लग्न मोडायची भीती, न सांगितलं तर भाचीच्या पोटच्या बाळाचा प्रश्न. तिला बोलायचं धाडस यावं म्हणून कुणीतरी जाणतं माणूस सोबत बसलं पाहिजे. ते काम तपासणीचा निकाल लिहिलेल्या नुसत्या कार्डानं होत नाही.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. पण रक्त द्रावणात मिसळून करायच्या साध्या विद्राव्यता चाचणीत वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे वेगळं कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. तिचा निकाल हाती पडेपर्यंत 'सिकलसेल निघाला' ही बातमी गावभर होऊ शकते. शिवाय बाईची तपासणी बहुधा गरोदरपणात होते. नवऱ्याचं रक्त तपासायचं राहून गेलं तर बाळाला धोका आहे की नाही ते कळत नाही, आणि बोल तेवढा तिच्या माहेराला लागतो.