‘पेटंट’ औषध आणि टपालाचा टांगा : जुन्या जाहिरातींची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या कुठल्याही आयुर्वेदिक दुकानातून सांधेदुखीच्या तेलाची बाटली घ्या आणि लेबल उजेडाकडे धरा. मुदत संपण्याच्या तारखेजवळ, बारीक अक्षरांत ‘आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन’, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या मालकीचे औषध, असे शब्द सापडतील. काही लेबलांवर ‘पेटंट’ हाही शब्द असतो. दुकानदारही तेच म्हणतो : “हे शास्त्रोक्त, आणि हे पेटंट.” त्या तेलावर कुणाचे पेटंट असते, असा प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर सोपे आहे : बहुतेक वेळा कुणाचेच नसते. हा शब्द आपल्याकडे आला तो ब्रिटिश अमदानीतल्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतून, आणि तो आला तेव्हाही खरा नव्हता. जुन्या अंकांतल्या औषधांच्या, डॉक्टरांच्या आणि गाड्यांच्या जाहिराती आज कुतूहलाने पाहिल्या जातात. त्या समजायच्या तर आधी या शब्दाचा गुंता सोडवायला हवा.

इंग्लंडात राजाच्या सनदेने एखाद्या औषधाचा एकाधिकार मिळे, त्यावरून ‘पेटंट मेडिसिन’ हे नाव पडले. पण सनद घ्यायची तर औषधात काय आहे ते लिहून द्यावे लागे आणि ठरावीक वर्षांनी हक्कही संपे. औषधवाल्यांना दोन्ही नको होते. त्यांनी कृती गुप्त ठेवली आणि नाव, बाटलीचा आकार, लेबलवरचे चित्र, सही यांची राखण केली. शिवाय १७८३ पासून तिथे अशा औषधांवर सरकारी कराचे तिकीट चिकटवावे लागे. घेणाऱ्याला ते तिकीट सरकारी हमीसारखे वाटे. थोडक्यात, ज्याला सगळे पेटंट म्हणत ते औषध बहुधा पेटंट न घेतलेलेच असे.

हिंदुस्थानात शोधांवरील हक्काचा कायदा १८५६ साली झाला, तो रद्द होऊन १८५९ साली पुन्हा आला. त्यातही शोधाचे वर्णन दाखल करण्याची अट होतीच. त्यामुळे इथल्या औषधवाल्यांनीही ती वाट धरली नाही. आणि व्यापारचिन्हांची नोंदवही तर इथे १९४० च्या कायद्यापर्यंत नव्हतीच. व्यापारी काय करत? ‘हे नाव आमचे’ असे प्रतिज्ञापत्र दस्त नोंदवण्याच्या कचेरीत नोंदवत आणि लेबलवर ‘रजिस्टर्ड’ छापत. वाचणाऱ्याला वाटे, औषध सरकारने तपासून पसंत केले आहे. प्रत्यक्षात सरकारदरबारी कागद तेवढा नोंदलेला असे, औषध कुणी पाहिलेलेही नसे. माझ्या मते हा शब्द ‘पेटंट’पेक्षाही जास्त फसवा होता, कारण जमिनीचे दस्त रजिस्टर करणाऱ्या गावकऱ्याला तो आपला, ओळखीचा वाटे.

क्लोरोडाइनचे उदाहरण घ्या. हिंदुस्थानात नोकरीला असलेल्या एका इंग्रज लष्करी डॉक्टराने १८४८ च्या सुमारास कॉलऱ्यावर म्हणून ते बनवले. त्यात अफूचा अर्क, गांजा आणि क्लोरोफॉर्म होते. जुलाब थांबत आणि दुखणे बधिर होई, ते अफूमुळे. त्याची सवयही अफूमुळेच लागे. त्याचेही पेटंट नव्हते. दुसऱ्याने त्याच नावाचे औषध काढले तेव्हा भांडण लंडनच्या कोर्टात गेले, आणि १८६४ साली न्यायाधीशांनी मूळ शोधक कोण ते सांगितले. पुढे अनेक वर्षे जाहिरातीत औषधाच्या गुणांच्या जोडीला न्यायाधीशांचे ते वाक्य छापले जाई. बाटलीत काय आहे ते नाही सांगायचे, बाटली कुणाची ते सांगायचे. नंतरच्या सगळ्या देशी जाहिरातींचा साचा इथे तयार झाला. ‘नकली मालापासून सावध राहा’, ‘आमची सही पाहून घ्या’ ही वाक्ये त्याच साच्यातली.

जाहिरातीवर पैसा किती ओतला जाई याचा एक आकडा पुरे. गोळ्या आणि मलम विकणाऱ्या एका लंडनच्या व्यापाऱ्याचा १८८३ साली मृत्यू झाला. शेवटच्या काळात तो वर्षाला सुमारे ५०,००० पौंड जाहिरातींवर घालवत होता आणि त्याच्या जाहिराती जगभरच्या भाषांत निघत होत्या. अशाच दुसऱ्या एका प्रसिद्ध गोळीची इंग्रज डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ साली तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या सुंठीला विलायतेहून फिरून यावे लागले.

गाड्यांच्या जाहिरातींचा काळ याच्या आधीचा आणि छोटा. बोरघाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांसाठी १८३० साली खुला झाला. तेव्हा मुंबईहून पुण्याला यायचे म्हणजे पनवेलपर्यंत नावेने आणि तिथून पालखी नाही तर घोडागाडी. मुंबईच्या इंग्रजी पत्रांना आणि १८३२ पासूनच्या मराठी पत्रांना याच रस्त्याने वाचक मिळाले. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे वर आली आणि पुण्यापुरता घोडागाडीचा धंदा बसला. पण पुण्याच्या दक्षिणेला तो आणखी जवळजवळ पाव शतक टिकला, आणि कोल्हापूरच्या दृष्टीने महत्त्वाची वर्षे तीच.

त्या वर्षांत कोल्हापूरला यायचे दोन मार्ग. एक पुण्याहून साताऱ्यावरून सडकेने. दुसरा मुंबईहून आगबोटीने रत्नागिरी आणि तिथून आंबा घाट चढून मलकापूरवरून. दुसरा मार्ग पावसाळ्यात बंद. आगबोटी पुन्हा सुरू होत त्या नारळी पौर्णिमेच्या आसपास. त्या वाटेवर कोल्हापूरच्या वेशीशी पंचगंगा. तिच्यावरचा दगडी पूल १८७८ साली पुरा झाला. त्याआधी पाणी चढले की नाव. ज्याला आज आपण शिवाजी पूल म्हणतो तोच हा. सडकेने टपाल घेऊन येणारा टांगा दर काही कोसांवर घोडे बदलत असे. घोडे बदलण्याच्या त्या अंतराला टप्पा म्हणत. एस.टी.चे भाडे आजही टप्प्यांवर मोजतात, सहा किलोमीटरला एक टप्पा. घोडे गेले तरी शब्द राहिला, याचे मला प्रत्येक तिकिटाला अप्रूप वाटते.

मग रेल्वे. मिरजेहून कोल्हापूरपर्यंतचा २९ मैलांचा फाटा संस्थानाच्या पैशाने झाला आणि १८९१ साली सुरू झाला. पुण्यामुंबईचे वर्तमानपत्र आता आगगाडीने येऊ लागले, आणि त्याच गाडीने औषधांची पार्सले.

पण खरे दार उघडले होते ते पोस्टाने. १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू झाली, म्हणजे पार्सल हातात घेताना पोस्टमनला पैसे द्यायचे. १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आले, १८८० मध्ये मनीऑर्डर. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की पेटंट औषधाचा धंदा डोळ्यांपुढे उभा राहतो. पन्हाळ्याच्या पायथ्याचा शेतकरी गावच्या मास्तरकडून पाव आण्याच्या कार्डावर चार ओळी लिहून घेई आणि जामनगरहून, मथुरेहून, लाहोरहून, गिरगावातून बाटली त्याच्या दारात येई. पैसे आधी पाठवायचे नसल्यामुळे फसण्याची भीती कमी वाटे. मात्र फोडायच्या आधीच पैसे दिलेले असत.

बंगालात १८९२ पासून पोस्टातच पैशाला क्विनाइनची पुडी मिळू लागली. तापावर काम करणारे, काय आहे ते माहीत असलेले औषध, एका पैशाला. त्याच पोस्टाच्या थैलीतून तापावरचे गुप्त औषध कित्येक पट किमतीला जात होते.

त्या काळच्या साप्ताहिकाचे मागचे पान कधी नीट पाहावे. अरुंद स्तंभ, मध्ये जाड काळ्या रेघा. वरच्या कोपऱ्यात गुटगुटीत मुलाचे ठोकळ्यावरून छापलेले चित्र, खाली बाळाच्या टॉनिकचे नाव मोठ्या टायपात. त्याच्या शेजारी ताकदीच्या गोळ्या. रोग नावाने न लिहिता ‘अशक्तता’, ‘तरुणपणीच्या चुका’ असे आडून लिहिलेले. मग प्रशस्तिपत्रे : कुणी मामलेदार, कुणी मास्तर, कुणी वकील. शेवटी ‘किं. १ रु., ट. ख. निराळा’, म्हणजे टपालखर्च वेगळा. कागद इतका ठिसूळ झालेला असतो की पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो. आमच्या आजीच्या फडताळात अशीच एक चौकोनी बाटली होती, काचेतच नाव उठवलेली. औषध तिने कधीच संपवले होते. आम्ही पाहिले तेव्हा तिच्यात एरंडेल असे. बाटली टाकून द्यायला ती तयार नव्हती, कारण तिच्या एका मुलाला त्या औषधाने गुण आला अशी तिची खात्री होती. दुसऱ्या मुलाचे ती बोलत नसे.

संपादकांवर ठपका ठेवणे सोपे आहे. पुढच्या पानावर सरकारला जाब विचारायचा आणि मागच्या पानावर गुप्त गोळ्या विकायच्या. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे संस्थानच्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर हे दोन संपादक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले; त्यांची वर्तमानपत्रेही स्वस्तात विकली जात होती हे विसरून चालणार नाही. वर्गणी थकवणारे वाचक तेव्हाही होते. जाहिरातीच्या पैशाने छापखाना चाले. तरीही बाळाच्या औषधाच्या बाबतीत एवढी सूट देणे मला जड जाते.

डॉक्टरांच्या जाहिराती वेगळ्या धर्तीच्या. मुंबईचे वैद्यकीय महाविद्यालय १८४५ चे, पण पदवीधर थोडे आणि ते शहरांत. कोल्हापूरच्या सरकारी इस्पितळात, म्हणजे आताच्या सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात), स्त्रियांच्या विभागावर १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशींची नेमणूक झाली होती. त्या रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. मिरजेत मिशनचे इस्पितळ १८९४ मध्ये निघाले आणि कोल्हापूरचे रोगी रेल्वेने तिकडे जाऊ लागले. उरलेल्या मोठ्या मुलखात जाहिरातीतला डॉक्टर हाच डॉक्टर. नावापुढे परदेशी अक्षरे लावायला कुणाची आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ चा, बनावट पदव्यांना बंदी १९१६ ची, वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा १९३८ चा. नोंदणी झालेल्या डॉक्टराने स्वतःची जाहिरात करणे हा धंद्याच्या शिस्तीचा भंग ठरला आणि जाहिरातींतून खरे डॉक्टर मागे सरले. याचा परिणाम उलटा झाला. जाहिरातीचे पान नोंदणी नसलेल्यांना मोकळे मिळाले. त्यातही ब्रिटिश हद्दीतले कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत; कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ ला.

गुप्त औषधांच्या प्रश्नाचा निर्णय म्हणायचा तो १९४० च्या औषध कायद्याचा. त्याने ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’ औषधाची व्याख्या केली आणि घटक जाहीर करण्याचे बंधन आणले. गुप्त औषधांचा पाया तिथे खचला. पण केवळ आयुर्वेदिक किंवा युनानी पद्धतीची औषधे कायद्याबाहेर ठेवली. या सवलतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की परदेशी सरकारच्या प्रयोगशाळेने आमच्या काढ्याची परीक्षा का घ्यावी, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कृती लेबलवर छापल्या तर त्या उद्या कुणीही उचलेल. पहिल्या मुद्द्यात त्या काळाचा सल आहे, तो खोटा नाही. दुसरा मात्र टिकत नाही. च्यवनप्राशाची कृती शेकडो वर्षे ग्रंथांत उघडी आहे, त्याने वैद्य बुडाले नाहीत. लपवण्यासारखे होते ते ग्रंथाबाहेरच्या बाटल्यांत, आणि सुटका झाली ती त्यांची. देशी औषधे कायद्यात आणणारी दुरुस्ती १९६४ साली झाली. मधली चोवीस वर्षे म्हणजे बालमृत्यूंनी ग्रासलेल्या घरांतली एक अख्खी पिढी.

जाहिरातींवर थेट बंदी १९५४ च्या कायद्याने आली : ठरावीक रोगांवर, लैंगिक ताकदीवर, गर्भपातावर औषधाची जाहिरात करायची नाही. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. डिसेंबर १९५९ मध्ये न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण असल्या जाहिराती भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली वाचणार नाहीत असेही सांगितले.

शब्द तेवढा कुणी हलवला नाही. १९८२ च्या दुरुस्तीत आयुर्वेदासाठी वेगळी व्याख्या आली : घटक ग्रंथांतले, पण मिश्रण ग्रंथाबाहेरचे, ते ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’. दरम्यान १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाला पेटंट देणे बंदच केले होते. फक्त बनवण्याच्या रीतीला मिळे. म्हणजे १९७२ मध्ये तो कायदा लागू झाल्यापासून सुमारे तेहतीस वर्षे या देशात औषध या वस्तूला पेटंट मिळत नव्हते आणि ‘पेटंट औषधे’ मात्र गल्लोगल्ली होती. २००५ पासून औषधांना पुन्हा पेटंट मिळू लागले. आज सीपीआरसमोरच्या मेडिकलमध्ये फ्रिजात पेटंट असलेले महागडे इंजेक्शन असू शकते. त्याच्या खोक्यावर ‘पेटंट’ हा शब्द शोधावा लागतो. काउंटरवरच्या तेलाच्या बाटलीवर तो वाचायला मिळतो.