जहाज न थांबवता प्रवाह आणि पाणी मोजताना: ग्राहकांसाठी माहिती

जहाज चालू ठेवून प्रवाह कसा मोजता, हे आम्हाला बहुतेक ग्राहक विचारतात. जहाजाच्या तळाला बसवलेले एडीसीपी हे यंत्र चार बाजूंना तिरके ध्वनिस्पंद सोडते. पाण्याबरोबर वाहणारे प्लवक आणि गाळाचे कण ते परतवतात, तेव्हा त्यांची वारंवारता किंचित बदललेली असते. त्या बदलावरून वेगवेगळ्या खोलीवरच्या पाण्याचा वेग काढतात. ३०० किलोहर्ट्झचे यंत्र साधारण १०० मीटरपर्यंत पोहोचते, तर ३८ किलोहर्ट्झचे चांगल्या समुद्रात १००० मीटरच्या आसपास. पण खोल जाणारे यंत्र पाण्याचे जाड थर मोजते, बारकावे दाखवत नाही. उथळ पाण्यासाठी ते मागू नका.

खरी मेख पुढे आहे. यंत्राला कळतो तो जहाजाच्या मानाने पाण्याचा वेग. त्यातून जहाजाची चाल वेगळी काढावी लागते. जहाज १० नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मीटर जाते आणि प्रवाह असतो बऱ्याचदा वीस-तीस सेंटिमीटरचा. यंत्र बसवण्यात किंवा जहाजाची दिशा नोंदवण्यात १ अंशाची जरी चूक राहिली, तरी सेकंदाला जवळजवळ ९ सेंटिमीटरचा खोटा आडवा प्रवाह दिसतो. म्हणून काम सुरू करण्याआधी आम्ही एकाच रेषेवरून जाऊन लगेच परत येतो. खोटा प्रवाह परतताना उलटा होतो, खरा तसाच राहतो. मध्ये फार वेळ गेला तर भरती-ओहोटीने खरा प्रवाहही बदलतो, म्हणून ‘लगेच’. ही फेरी वाचवण्याचा आग्रह कृपया धरू नका. तिच्याशिवाय दिलेल्या आकड्यांवर आमचाच विश्वास बसणार नाही.

काही पाणी मोजणीतून सुटतेच: पृष्ठभागाचे पहिले काही मीटर आणि, स्पंद २० अंश तिरके असतील तर, समुद्रतळालगतची सुमारे ६ टक्के खोली. खवळलेल्या समुद्रात जहाजाच्या तळाखाली बुडबुडे शिरले की नोंदी तुटतात. अशा वेळी जहाजाचा वेग कमी करावा लागतो.

तापमान आणि क्षारता यांसाठी जहाज चालू असताना पाणी सतत आत खेचले जाते. पंप आणि नळातून जाताना ते थोडे तापते, म्हणून तापमानाचा सेन्सर पाणी आत येते तिथेच बसवतो. क्षारता विद्युतवाहकतेवरून काढतात. सेन्सरवर शेवाळी थर चढला की आकडा हळूहळू घसरतो. त्यामुळे रोज बाटलीत नमुना घेतो: बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, भरायची, बूच घट्ट लावायचे. पाणी उडून गेले तर नमुना जास्त खारट निघतो.

हे सगळे एकाच खोलीचे पाणी. खालचे तापमान हवे असेल तर जहाजाच्या मागून एक्सबीटी, म्हणजे खाली पडता पडता तापमान मोजणारा सेन्सर, सोडतो. तांब्याची बारीक तार उलगडत तो खाली जातो. त्यात दाबमापक नसतो. तो किती वेळ पडत गेला त्यावरून खोली काढतात. खोलीनुसार अचूक क्षारताही हवी असेल, तर जहाज थांबवून सीटीडी (विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारे यंत्र) सोडणेच आम्ही सुचवतो. तेवढा वेळ वेळापत्रकात आधीच धरा.