लांबचा रस्ता, कमी वेळ

दोन विमानतळांमधलं अंतर काढायचं, त्याला विमानाच्या वेगानं भागायचं, की प्रवासाचा वेळ मिळाला, असं आपल्याला वाटतं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को घ्या. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सायबेरियावरून वर चढत ७५ अक्षांशाच्याही पलीकडे आर्क्टिकमध्ये जातो आणि अलास्काच्या बाजूनं खाली उतरतो. भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त ते हेच. या सर्वांत जवळच्या वाटेनं अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरनं पावणेचौदा तास.

प्रत्यक्षात काय घडलं ते पाहा. एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, ती युरोप आणि अटलांटिकवरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच उड्डाण उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून नेलं. ही वाट अटलांटिकच्या वाटेपेक्षा जवळपास १,४०० किलोमीटरनं लांबची, एकूण १५,३०० किलोमीटरची. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर! भागाकार करा: सरासरी ताशी १,०५५ किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग काही वाढला नव्हता. ज्या हवेतून ते उडत होतं, ती हवाच पूर्वेकडे धावत होती.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे जोरदार वाऱ्यांचे पट्टे म्हणजे जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची ऊबदार हवा आणि ध्रुवांकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक त्यांना जोर देतो, म्हणून हिवाळ्यात ते अधिक वेगवान असतात. कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओईशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपले निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले आणि बाहेरच्या जगात ते फारसे कुणी वाचलेच नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'पृथ्वी खालून फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाताना मुक्काम आपणहून जवळ येतो' असं बरेच जण मानतात. तसं नाही, पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं. फरक पडतो तो वाऱ्यानं. मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, तो समोरच्या वाऱ्यामुळेच.

म्हणूनच उड्डाणाचा मार्ग आखणारे लोक नुसतं अंतर पाहत नाहीत, तर वरच्या वाऱ्यांचा ताजा अंदाज हाती घेऊन बसतात. इंधन जळतं ते विमान किती वेळ हवेत राहिलं त्यावर. उत्तर अटलांटिकवरचे मार्ग तर रोज नव्यानं आखले जातात. सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीला परतताना ते विमान पुन्हा पूर्वेकडेच, अटलांटिकवरून आलं. जाऊन येईतो पृथ्वीला एक प्रदक्षिणा पूर्ण झाली होती.