ओल्या दाताला चिकटायचं कसं?

किडलेली दाढ कोरून तिच्यात दाताच्या रंगाचं सिमेंट भरून घेतलं की माणूस हमखास विचारतो, "डॉक्टर, किती वर्षं टिकेल?" म्हापसा असो की मडगाव, प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर त्या सिमेंटमध्ये, म्हणजे कॉम्पोझिटमध्ये जेवढं आहे, त्याहून जास्त त्याच्याखालच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरात आहे. डॉक्टर इवल्याशा ब्रशने दातावर चोळतात तो हा थर. दवाखान्यात त्याला नुसतं 'बाँड' म्हणतात. कॉम्पोझिट घट्ट होताना साधारण २ ते ३ टक्के आक्रसतं, त्यामुळे ते पहिल्या मिनिटापासून दाताच्या भिंतीपासून सुटू पाहतं. बाँड हरला की फट पडते, फटीत जंतू शिरतात आणि सिमेंटखाली दाढ पुन्हा किडू लागते.

इनॅमलपुरता, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचापुरता, हा प्रश्न बराच आधी सुटला. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोरे यांनी तेच दाताच्या पृष्ठभागावर लावून पाहिलं आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केलं. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. आम्लाने त्यात सूक्ष्म खाचा पडतात, बाँडमधलं पातळ रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य, त्यांत शिरतं आणि तिथेच घट्ट होऊन अडकून बसतं.

खरी अडचण आतल्या डेंटिनची. त्यात खनिज साधारण ७० टक्के, उरलेलं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन आणि पाणी. शिवाय दाताच्या गाभ्यापासून निघालेल्या बारीक नलिका, गाभ्याजवळ दर चौरस मिलिमीटरला ४५,००० च्या आसपास. जिवंत दातात या नलिकांतून द्रव सतत बाहेर झिरपत असतो. म्हणजे चिकटवायचं ते आतूनच ओलं होणाऱ्या पृष्ठभागाला.

१९८२ मध्ये जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवलं की आम्लाने खनिज निघून गेल्यावर मागे राहिलेल्या कोलॅजनच्या तंतूंत रेझिन मुरतं आणि दोन्हींचा मिळून एक 'हायब्रिड' थर तयार होतो. पण तंतू फार वाळवले तर पाण्यात पसरलेलं मासेमारीचं जाळं वाळूवर ओढल्यावर पडतं तसे ते चपटे पडतात आणि रेझिनला आत वाट राहत नाही. उलट पाणी जास्त राहिलं तरी रेझिन पातळ होऊन कच्चं राहतं. या दोन टोकांमधली जागा फार अरुंद आहे. डॉक्टर कापूस बदलत, हवा जपून मारत थांबतात, तेव्हा ते हीच जागा सांभाळत असतात.

प्रयोगशाळेत हे मोजतात कसं? दात मिळायला अडचण नसते. ब्रेसेससाठी काढाव्या लागणाऱ्या निरोगी उपदाढा आणि अक्कलदाढा दंत महाविद्यालयांत नेहमीच निघतात. त्या संमतीने घेऊन जंतुनाशक द्रावणात ठेवतात. दात आडवा कापून डेंटिन उघडं करायचं, बाँड लावायचा, वर कॉम्पोझिटचा ठोकळा चढवायचा. मग पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या पात्याने उभे-आडवे काप घेत सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या काड्या पाडायच्या. प्रत्येक काडीचं एक टोक दात, दुसरं कॉम्पोझिट, मध्ये बाँडची जेमतेम दिसणारी रेघ. काडी यंत्राच्या दोन जबड्यांना चिकटवून तुटेपर्यंत ओढतात. ताकद मेगापास्कलमध्ये, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती जोर लागला यात, मोजतात. ३० मेगापास्कल म्हणजे एवढ्याशा काडीने जवळजवळ ३ किलोचं वजन पेललं! मग तुटलेली टोकं सूक्ष्मदर्शकाखाली जातात. बाँडच सुटला की कॉम्पोझिट फुटलं, हे पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, हा आकडा कधीचा? २४ तासांनंतर बहुतेक चांगले बाँड छान दिसतात, म्हणून तेवढ्यावरून केलेल्या दाव्याला मी फारसं महत्त्व देत नाही. नमुने कित्येक महिने पाण्यात ठेवले, ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आळीपाळीने हजारो वेळा बुडवले, की खरी पारख होते. १०,००० फेऱ्या म्हणजे तोंडातलं साधारण एक वर्ष, असा ढोबळ हिशेब धरतात. पाणी रेझिनचे दुवे हळूहळू तोडतं. शिवाय डेंटिनमध्येच दडलेली विकरं (एन्झाइम) आम्लाने जागी होतात आणि रेझिनने न झाकलेले तंतू कुरतडतात. क्लोरहेक्सिडिनने ती विकरं प्रयोगशाळेत आवरतात, पण रुग्णांवरच्या चाचण्यांत फायदा तितका ठळक दिसला नाही. जपानमध्येच विकसित झालेला एमडीपी हा रेणू मला अधिक भरवशाचा वाटतो. तो दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो, आणि त्यातून होणारं लवण पाण्यात सहजी विरघळत नाही.

ओल्यात चिकटण्याची विद्या निसर्गाकडे आहेच. आपण रवा लावून तळतो ते शिनाणे, म्हणजे खडकावरचे शिंपले, भरती-ओहोटीच्या माऱ्यात खडकाला धरून राहतात, तेही पाण्याखाली डिंक तयार करून. त्यांच्या जातभाईंच्या, निळ्या शिंपल्यांच्या धाग्यांतल्या प्रथिनात 'डोपा' हा घटक भरपूर असल्याचं १९८१ मध्ये दिसून आलं. त्याच धर्तीचे रेणू आता दाताच्या बाँडमध्ये घालून पाहताहेत. अडचण अशी की ज्या रासायनिक गटामुळे डोपा ओल्या पृष्ठभागाला धरतो, तोच गट डॉक्टरांच्या निळ्या दिव्याखाली रेझिन घट्ट होण्याच्या आड येतो. म्हणून त्याचं प्रमाण किती ठेवावं आणि तो गट घट्ट होण्याच्या क्षणापुरता झाकून कसा ठेवावा, यावर सध्या काम चालू आहे.