‘बनाना’ अजगराची पिल्ले

पांढरेशुभ्र, पिवळेधमक किंवा अंगावर मधूनमधून रंगच नसलेले बॉल पायथन नावाचे अजगर चित्रफितींत दिसले, की ही अजगराची नवी प्रजाती आहे किंवा दोन प्रजातींचा संकर आहे, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात हे सारे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील पायथन रेजियस या एकाच प्रजातीचे असून, बंदिवासातील पैदाशीत एखाददुसऱ्या जनुकातील बदल निवडून टिकवल्यामुळे त्यांचे रूप पालटले आहे.

यांतील बहुतेक प्रकार मेंडेलच्या नियमांबाहेर जात नाहीत. अल्बिनो हा अप्रभावी गुण आहे. टायरोसिनेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, की काळे मेलॅनिन बनत नाही आणि पिवळा रंग तेवढा उरतो. दोन्ही पालक केवळ वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेले, असतील, तर प्रत्येक अंड्यातून अल्बिनो निघण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. चार अंड्यांत एक अल्बिनो असलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ नव्हे. पेस्टल या उजळ रंगाच्या प्रकारात मात्र बदललेल्या जनुकाची एकच प्रत असली तरी रंग उजळतो आणि दोन असल्या, तर ‘सुपर पेस्टल’ मिळतो.

खरी गंमत बनाना या पिवळसर रंगाच्या प्रकारात आहे. काही बनाना नरांची बनाना पिल्ले जवळजवळ सगळी मादी निघत, तर काहींची जवळजवळ सगळी नर. बनाना माद्यांच्या पिल्लांत मात्र असा कल दिसत नसे. सापांमध्ये मादीची लिंगगुणसूत्रे झेड-डब्ल्यू अशी भिन्न आणि नराची झेड-झेड अशी सारखी असतात, असे अनेक दशके गृहीत धरले जात होते. ते इथे लागू असते, तर हा कल मादीच्या पिल्लांत दिसायला हवा होता. दिसत होता तो नराच्या, म्हणजे दोन भिन्न लिंगगुणसूत्रे नराकडेच असणार. 2017 मध्ये जीवशास्त्रज्ञ टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी बोआ व पायथन यांत एक्स-वाय गुणसूत्रे असल्याचे दाखवून दिले.

आता हिशेब लागतो. नराला बनाना जनुक आईकडून मिळाले असेल, तर ते त्याच्या एक्सवर असते आणि एक्स मुलींकडेच जात असल्यामुळे त्याची बनाना पिल्ले मादी होतात. वडिलांकडून मिळाले असेल, तर ते वायबरोबर मुलांकडे जाते. ‘जवळजवळ’ म्हणायचे कारण असे, की या जनुकाची जागा एक्स आणि वाय या दोहोंवर आहे आणि शुक्रपेशी तयार होताना दोन्ही गुणसूत्रांत क्वचित तुकड्यांची अदलाबदल होते. अशा अदलाबदलीतून ‘मुलगे देणाऱ्या’ नराच्या पोटी एखादी बनाना मुलगी निघते आणि जनुक तिच्यापासून पुढे एक्सवरून चालू लागते.

‘दुर्मीळ’ म्हणून होणाऱ्या जाहिरातबाजीत एक बाब सोयीस्करपणे गाळली जाते. ‘स्पायडर’ या जाळीदार नक्षीच्या प्रकारात नक्षीबरोबर आंतरकर्णातील दोषही वारशाने येतो. त्यामुळे साप डोके हेलकावतो आणि काहींना भक्ष्यावर नेमकी झेपही घेता येत नाही. दोष नक्षीच्या जनुकाशीच बांधलेला असल्याने ‘निवडक पैदाशीने तो काढून टाकला’ या विक्रेत्यांच्या दाव्यावर विश्वास ठेवू नये.